भिंतीमागची तीन पावलं

गवंड्याचं घर बाहेरून सतरा पावलं भरलं आणि आतून चौदा. नोंदणीबाईंनी दोनदा मोजलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, गुडघा दुखतोय म्हणून पावलं लहानमोठी पडली असतील. दुसऱ्यांदाही तेच. घर दगडी होतं हे खरं, पण तीन पावलं जाडीची भिंत किल्ल्यालासुद्धा नसते.

"झालं का मोजून?" दारातल्या खुर्चीवरून आजीनं विचारलं. "विकत घ्यायचंय की काय?"

"नाही हो आजी, लिहायचंय फक्त."

"मग लिही. घर आहे. छप्पर आहे. गळतं."

नोंदणीबाईंनी नगरपालिकेच्या जन्ममृत्यू खात्यात एकतीस वर्षं काढली होती. खिडकीपाशी येणारे लोक "जन्ममृत्यू आल्या का?" असंच विचारायचे, आणि त्या आतून म्हणायच्या, "एक होऊन गेलाय, दुसऱ्याची वाट बघतेय." निवृत्त झाल्यावर घरात बसून काय करायचं या विवंचनेत होत्या, तेवढ्यात मेजरनं त्यांना पुलाच्या कामाला जुंपलं.

पुलाची गोष्ट शहरात सगळ्यांना पाठ होती. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी शत्रूचं सैन्य नदीपर्यंत आलं, तेव्हा माणसं पलीकडे सुखरूप जाईपर्यंत तेवीस सैनिकांनी पूल धरून ठेवला. बावीस तिथेच मेले, एक पळाला. पुलाजवळच्या दगडावर बावीस नावं आहेत. दरवर्षी त्या तारखेला शहरातली हौशी मंडळी तोच प्रसंग त्याच पुलावर उभा करायची. गणवेश, लाकडी बंदुका, धूर, सगळं साग्रसंगीत. प्रत्येकानं एकेक सैनिक वाटून घेतलेला. मंडळाचा प्रमुख होता दातांचा डॉक्टर. त्याला सगळे मेजर म्हणत. फौजेत तो एक दिवसही नव्हता, पण दात उपटताना "हलायचं नाही!" म्हणायचा तो आवाज पुलावर चांगला चालायचा.

नोंदणीबाईंचे यजमान शाळेत सुतारकाम शिकवत असत. त्यांना मास्तर म्हणत. बंदुका त्यांनीच केलेल्या. गेली नऊ वर्षं ते खाणीच्या गावचा गवंडी व्हायचे. गवंडी मेला अठ्ठाविसाव्या वर्षी आणि मास्तर होते चौसष्टचे. "मेलेले सगळे तरुण आणि मरणारे सगळे म्हातारे," असं ते पोटावरचा पट्टा आवळताना म्हणायचे.

मागच्या वर्षी खेळ संपल्यावर शाळेतल्या एका मुलीनं जमिनीवर मरून पडलेल्या सैनिकाला विचारलं होतं, "काका, तुमच्या घरी कोण कोण असतं?" काका गप्प. त्याला त्या सैनिकाचा नंबर आणि नाव यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. ते मेजरला लागलं. त्यानं नोंदणीबाईंना सांगितलं, "वहिनी, प्रत्येकाचं एक पान करून द्या. कुठला, कुणाचा, घर कसं, रोज कुठल्या रस्त्यानं कामाला जायचा. नुसता कोट चढवून माणूस होत नाही."

बाईंनी एकच अट घातली होती. पानावर कल्पनेनं काही लिहायचं नाही. जे वहीत आहे, जे डोळ्यांनी दिसतं किंवा जे जिवंत माणूस सांगतो, तेवढंच. अशी एकवीस पानं त्यांनी आठ महिन्यांत पुरी केली. एक सैनिक डावखुरा होता हे त्यांना शाळेतल्या शिक्षेच्या वहीत सापडलं. एकाचं घर रेल्वेच्या इतकं जवळ होतं की गाडी गेली की अजूनही तिथल्या मांडणीवरचे पेले किणकिणत. राहिला होता फक्त गवंडी, खुद्द त्यांच्या नवऱ्याचा. चार तासांची बस करून त्या खाणीच्या गावी आल्या होत्या, आणि एका लहानशा खाणावळीच्या वरची खोली दोन दिवसांसाठी घेतली होती.

त्या घरी राहणारी आजी गवंड्याच्या बायकोची मुलगी, एवढंच गावात कळलं होतं. सांगणाऱ्या दुकानदारानं 'बायकोची' या शब्दावर जरा जोर दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गावच्या कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनानं जुन्या वह्या काढून दिल्या, कारण बाई वही कशी धरतात ते पाहूनच त्यानं ओळखलं की ही आपल्यातली आहे. जन्माच्या वहीत आजीची नोंद होती. पुलावरच्या लढाईनंतर तीन वर्षांनी. वडिलांच्या रकान्यात काहीतरी लिहून मग पात्यानं खरवडलेलं होतं; कागद तिथे इतका झिजला होता की उजेड आरपार येत होता. त्या पुढे मृत्यूच्या वहीकडे वळल्या. आणखी अकरा वर्षांनंतरची एक नोंद त्याच घरची होती. पुरुष. पाहुणा. नाव माहीत नाही. वय अंदाजे बेचाळीस. धंदा गवंडी. कारण, छातीचा विकार. खबर देणार, घरमालकीण.

नाव माहीत नाही, पण धंदा माहीत. अशी खबर आपल्या खिडकीवर आली असती तर आपण त्या माणसाला उभ्या उभ्या परत पाठवलं असतं, असं बाईंच्या मनात आलं. मग त्यांनी अठ्ठावीसमध्ये तीन मिळवले, अकरा मिळवले, आणि वही मिटली. कारकुनानं विचारलं, "सापडलं का हवं ते?" त्या "हो" म्हणाल्या आणि तडक गवंड्याच्या घराकडे निघाल्या.

आजी कालच्याच खुर्चीत बसली होती.

"परत आलीस? आज काय मोजायचं राहिलंय?"

"आजी, त्या भिंतीमागे काय आहे?"

आजीनं एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग उठली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "आता काही नाही. आधी माझा बाप होता."

तिनं सांगितलं ते असं. लढाईनंतर अकराव्या दिवशी गवंडी पायी पायी, खाणीच्या बाजूनं, घरी आला. पळून आलेल्याला तेव्हा गोळी घालत. आठवड्यानं सरकारी माणूस त्याच्या मरणाचा कागद घेऊन आला तेव्हा गवंडी माळ्यावर पालथा पडून होता आणि खाली त्याची बायको कागद छातीशी धरून रडत होती. ती पुढे म्हणायची की खोटं रडावं लागलंच नाही. मग त्यानं आतल्या बाजूनं एक भिंत उचलली. गवंडीच तो, जुन्या भिंतीला नवी भिंत अशी जुळवली की घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं नाही. मधे तीन पावलांची जागा. त्या जागेत तो चौदा वर्षं राहिला.

"पण आजी, युद्ध तर पुढच्याच वर्षी संपलं," नोंदणीबाई म्हणाल्या.

"संपलं. पण तोवर दगडावर नाव कोरून झालं होतं. फुलं वाहून झाली होती. मेलेल्यानं बाहेर यायचं ते कुठल्या तोंडानं?"

"आणि तुम्ही झालात तेव्हा?"

"तेव्हा गाव काय म्हणालं असेल ते तू बाईमाणूस आहेस, तुला कळायला हवं. नवरा दगडावर आणि बाईला दिवस गेले. आईनं एकदा कचेरीत खरं नाव लिहवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन खोडायला लावलं. जन्मभर तोंड उघडलं नाही. मला सांगितलेलं, भिंतीत एक काका राहतो, त्याच्याबद्दल बाहेर बोललीस तर तो मरेल. मी काकाच म्हणायची. पाढे त्यानं शिकवले मला, भिंतीला कान लावून. गेला त्या दिवशी आई म्हणाली, आता बाबा म्हण. पण हळू."

नोंदणीबाईंच्या हातात वही होती. त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात दुसराच माणूस घोळत होता. पुलावर तेवीस होते, प्रेतं बावीस मिळाली, आणि चेहरे ओळखण्यासारखे राहिले नव्हते म्हणून कोटाच्या खिशातल्या कागदांवरून नावं लावली होती. जो सापडला नाही त्याला पळपुटा ठरवलं. तो याच गावचा टपालवाला होता.

"मग गवंड्याच्या कोटात मेला तो कोण, आजी?"

"तुला ठाऊक आहे की. टपालवाला. दोघं एकाच रस्त्यावरचे. त्याला पोटात लागलं होतं, त्याचा कोट नदीत गेलेला. थंडी वाजते म्हणाला म्हणून यानं आपला कोट काढून त्याच्या अंगात घातला, आणि तो जाईपर्यंत त्याच्यापाशी बसला. मग उठला आणि चालायला लागला. पळालो म्हणायचा नाही, चाललो म्हणायचा. त्याचं तो सांगायचा, खरंखोटं पाहायला मी काय तिथे होते?"

"आणि टपालवाल्याच्या घरचे लोक?"

आजीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्याची आई समोरच्या वळणावर राहायची. दारावर लोक कोळशानं लिहून जायचे. ती पुसायची, हे परत लिहायचे. माझी आई रोज तिथून जायची-यायची. एक दिवस ते घर सोडून गेले. आई त्या दिवशी जेवली नाही. एवढंच. याहून जास्त काही केलं नाही तिनं."

निघताना आजीनं बाईंचा हात धरला. म्हातारीच्या हातात अजून चांगली ताकद होती.

"मी आहे तोवर कुणाला बोलायचं नाही. मी गेल्यावर काय तो डांगोरा पिट. शब्द दे."

नोंदणीबाईंनी शब्द दिला. त्या क्षणी तरी तो मनापासून दिला होता.

*

घरी आल्यावर त्यांनी मास्तरांना सांगितलं, "पान अजून व्हायचंय," आणि विषय बदलला. मास्तरांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पुलावर तालीम होती.

शत्रूच्या बाजूनं सगळ्यात पुढे धावायचा तो शहरातल्या बसचा ड्रायव्हर. पन्नाशीचा, अंगानं आडवा, पण कठड्यावरून खालच्या जाळीत असा पडायचा की बघणाऱ्याच्या तोंडून किंकाळी निघावी. दरवर्षी सर्वांत जास्त टाळ्या त्याला. तो टपालवाल्याच्या सख्ख्या भावाचा नातू होता. मंडळात आला तेव्हा त्यानं मेजरला विचारलं होतं, "आमच्या आजोबांचं काम देता का मला?" मेजर म्हणाला होता, "अरे, पळपुट्याला काय काम देणार? पहिल्याच मिनिटाला घरी जावं लागेल तुला." सगळे हसले होते, ड्रायव्हरही हसला होता. तेव्हापासून तो शत्रू. "धावणं आमच्या रक्तात आहे. आजोबा मागे धावले, मी पुढे धावतो, हिशेब चुकता," असं तोच सांगत फिरायचा, कुणी दुसऱ्यानं म्हणण्याआधी.

त्या दिवशी तो कठड्यावरून पडला आणि जाळीतून वर येत, कपडे झटकत नोंदणीबाईंपाशी आला. "ताई, बावीस पानं झाली म्हणे. तेविसावं कधी करताय? एका ओळीचं तर काम आहे. राहणार खाणीचं गाव, धंदा टपाल, पुढे पसार."

बाईंना हसता आलं नाही. "बावीस नाही झाली, एकवीसच झालीत," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी जेवताना मास्तरांनी ताट बाजूला सारलं. "अगं, तुझ्या पोटात काहीतरी आहे. तीन दिवस झाले, तू घरातून चालताना पावलं मोजतेस."

तेव्हा त्यांनी सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे शब्द मोडणं नव्हे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मास्तर ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी नऊ वर्षं कुणाचं मरण मरतोय?"

दुसऱ्या दिवशी दोघं मेजरच्या दवाखान्यात गेले. आजीचं नाव सांगायचं नाही असं ठरवून गेले होते, पण गोष्टच अशी होती की नाव न सांगताही सांगितल्यासारखं झालं. मेजरनं हातमोजे काढले आणि तो स्टुलावर बसला.

"वहिनी, तुम्ही तिला शब्द दिलाय ना?"

"दिलाय."

"मग पाळा की. मी काही ऐकलं नाही. दगडावरची माणसं मेलेली असतात, त्यांना मेलेलं राहू द्या. आज एक नाव हललं की उद्या लोक बाकीच्या एकविसांकडे बोट दाखवतील. मग आपण दरवर्षी पुलावर नेमकं काय करतो?"

"आणि ड्रायव्हर?"

"त्याचं काय? तो मजेत आहे. सगळ्यात जास्त विनोद तोच करतो."

बाहेर पडल्यावर मास्तर म्हणाले, "माणूस वाईट नाही. घाबरला." शब्द पाळा असं आपल्यालाच कुणीतरी बजावलं याचा नोंदणीबाईंना सुटल्यासारखा आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची त्यांना लाज वाटत होती.

तो आनंद आठवडाभर टिकला. मग ड्रायव्हर तालमीला आला नाही. त्याच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं. एकोणऐंशी वर्षांचे गृहस्थ, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. डॉक्टरनं महिना सांगितला होता, तोही तोंडावर. नोंदणीबाई भेटायला गेल्या. म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. बाहेरच्या बाकावर ड्रायव्हर म्हणाला, "नर्सनं फॉर्म भरताना विचारलं, मूळ गाव कुठलं. बाबांनी सांगितलं नाही. या वयात, या अवस्थेत. शाळेत एकदा गावाचं नाव सांगितलं होतं, म्हणे, तेव्हा गुरुजींनीच वर्गाला सांगितलं, हा त्या पळपुट्याचा. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. सातवीत होते. हुशार होते हो, ताई."

नोंदणीबाईंनी आयुष्यभर तारखांशी काम केलं होतं. आजी एक्क्याऐंशीची, ठणठणीत. हा महिन्याचा सोबती. शब्द पाळला तर कुणाला काय मिळेल याचा अंदाज करायला त्यांना कागद लागला नाही. दोन दिवस त्यांना धड झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या बस आगारात गेल्या.

ड्रायव्हर लोखंडी गजानं टायर ठोकून पाहत होता. त्यांनी त्याला बसच्या पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. वह्यांपासून कोटापर्यंत. तो आधी हसला. "ताई, थट्टा करताय." मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचा थांबला. उठला, पुन्हा टायर ठोकायला लागला. एक, दोन, तीन, चार. सगळे झाले तरी तो ठोकतच राहिला, पहिल्यापासून परत. बाजूचा मेकॅनिक ओरडला, "अरे फोडतोस की काय!"

"तिला माहीत होतं?" त्यानं विचारलं. "त्या बाईला? इतकी वर्षं?"

"ती लहान होती."

"लहान होती. मग मोठी झाली ना? माझे बाबा झाले तशी?"



म्हाताऱ्याला त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हातारा वळला आणि म्हणाला, "कागदावर आहे का?" बस्स. पुढचे दोन दिवस तो दर तासाला तेच विचारत होता. कागदावर आहे का.

म्हणून नोंदणीबाई ड्रायव्हरला घेऊन पुन्हा खाणीच्या गावी गेल्या. वाटेत चार तास तो खिडकीबाहेर बघत होता आणि प्रत्येक थांब्यावर बस चालवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत असावा, कारण ब्रेक लागला की त्याचा उजवा पाय हलायचा. बाईंना वाटत होतं, तो आजीला काही बोलला तर मधे पडायचं. कसं पडायचं ते सुचत नव्हतं.

आजीनं दार उघडलं. ड्रायव्हरकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"सांगितलंस," ती म्हणाली.

"आजी, याच्या वडिलांचं..."

"शब्द दिला होतास."

"हो. दिला होता."

आजी बाजूला झाली. ड्रायव्हर आत आला, पण बसला नाही. म्हणाला, "कुठे होता तो, दाखवा." आजीनं कपाटाजवळची फळी सरकवली. मागे कमरेइतकं भगदाड होतं. आडव्या अंगाचा तो माणूस वाकून, खांदे आवळून आत शिरला. मग पावलं ऐकू आली. तीन पावलं, आणि परत तीन.

बाहेर आला तेव्हा त्याच्या बाह्यांना चुना लागला होता. त्याला खूप काही बोलायचं होतं. दोन रात्री त्यानं ते घोकलं होतं, हे नंतर त्यानंच सांगितलं. पण तो एवढंच म्हणाला, "माझ्या आजीनं हे गाव सोडलं तेव्हा तिच्या कडेवर माझे बाबा होते. तुमच्या आईनं बघितलं असेल."

"बघितलं," आजी म्हणाली. "ती खिडकी. तिथून."

मग ती स्वतःच म्हणाली, "आण कागद."

नोंदणीबाईंनी जबानी लिहून आणली होती, साधी, सात ओळींची. आजीनं चष्मा लावून ती दोनदा वाचली. खाली सही करायची आणि तिच्यावर पूर्ण नाव लिहायचं होतं. आपलं नाव तिनं झरझर लिहिलं. वडिलांच्या नावापाशी पेन थांबलं. तिनं ते कधी लिहिलंच नव्हतं. शाळेत ती जागा मोकळी सोडायची, मतदानाच्या यादीत एक रेघ होती. तिनं नोंदणीबाईंना विचारलं, "पहिलं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ?" बाईंनी सांगितलं. तिनं लिहिलं, आणि कागद ड्रायव्हरकडे न देता टेबलावर ठेवला.

"आता जा दोघं," ती म्हणाली. "आणि तू परत येऊ नकोस." हे बाईंना होतं.

*

म्हाताऱ्यानं कागद वाचला. उशीखाली ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला, नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काढून दाखवला. नर्सला बोलावून फॉर्मवर मूळ गाव लिहायला लावलं. नवव्या दिवशी तो गेला. नोंदणीबाई प्रेतयात्रेला गेल्या होत्या. ड्रायव्हर त्यांच्या पाया पडायला वाकला तेव्हा त्या मागे सरकल्या.

बातमी फुटायची ती फुटली. वर्तमानपत्रात आली. मंडळात दोन तट पडले. मेजरनं बैठकीत सांगितलं की एका म्हातारीच्या बोलण्यावर इतिहास बदलत नसतो, आणि अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या. मास्तर उठून म्हणाले, "मी यंदा गवंडी होणार नाही. तुम्ही मला दुसरं मरण दिलंत तर बघू." त्यांना कुणी दुसरं मरण दिलं नाही. त्यांनी बंदुका मोजून मंडळाच्या खोलीत ठेवल्या आणि किल्ली परत केली.

त्या वर्षी खेळ झाला तो अर्ध्या माणसांनिशी. ड्रायव्हर कुणाला न विचारता या बाजूला येऊन उभा राहिला. खांद्याला टपालाची पिशवी होती. मेजर दुसरीकडे बघत राहिला. ठरल्या जागी ड्रायव्हर पडला, पोट धरून, आणि त्याच्या अंगावर कोट घालायला कुणीही आलं नाही, कारण ते काम कुणाचंच नव्हतं. तो तसाच धुरात पडून राहिला. नेहमीसारख्या टाळ्या झाल्या नाहीत. लोकांना कळेना की इथे टाळी वाजवायची असते का. मास्तर आणि नोंदणीबाई प्रेक्षकांत बसले होते. मास्तरांनी सबंध वेळ त्यांचा हात धरला होता.

दगडाचा अर्ज अजून कचेरीत फिरतोय. टपालवाल्याचं नाव घालायला हरकत नाही, पण कोरलेलं नाव काढायचा नियमच नाही, असं उत्तर आलंय. तेव्हा बहुतेक दोन्ही राहतील.

खाणीच्या गावात मात्र आजीच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं. हे बाईंना त्या कचेरीतल्या कारकुनानं फोन करून कळवलं. बाई तशाच उठून गेल्या. दार उघडलं नाही. खिडकीचा पडदा हलला, एवढंच. महिन्यानं परत गेल्या, तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला रॉकेल आणि चिंध्या घेऊन गेल्या आणि बाहेरूनच दार घासत बसल्या. डांबर काही पुरतं निघालं नाही. लाकडात मुरलं होतं. शेजारीपाजारी उभे राहून बघत होते, कुणी मदतीला आलं नाही, कुणी हटकलंही नाही. परतीच्या बसमध्ये हातांना रॉकेलचा वास येत होता आणि त्यांना पहिल्यांदा मोठ्यानं रडू आलं. आपण चूक केली असं त्यांना वाटत नव्हतं. बरोबर केलं असंही वाटत नव्हतं. मास्तर म्हणायचे, "दोन्हीतलं एक ठरव, म्हणजे झोप लागेल." ते काही त्यांना जमलं नाही.

चौथ्या खेपेला थंडी होती. त्यांनी दार वाजवलं आणि सवयीनं पायरीवर बसायला वळल्या, तर कडी निघाली.

"आत ये. वारा येतो."

आजी वाळली होती. स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटला होता. कपाटाजवळची फळी काढून टाकलेली होती. भगदाडातून आतल्या जागेत उजेड जात होता आणि तिथे आता लाकडं रचली होती.

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," आजी म्हणाली.

"नाही समजत."

"शब्द मोडलास तू."

"मोडला."

आजीनं स्टोव्हवर चहाचं पाणी ठेवलं. पाठमोरीच बोलत राहिली. "परवा दुकानात गेले होते. तो मागच्या गल्लीतला दाढीवाला आहे ना, तो रांगेतून ओरडला. अमक्याची पोरगी आली, बाजूला व्हा, पळून जाईल. असं, बापाचं नाव घेऊन. सगळी रांग हसली." ती थांबली. "मी वळून बघितलं. लगेच. एक्क्याऐंशी वर्षांत त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. शिवी होती गं, मला कळतं. पण मी वळले."

पाण्याला उकळी फुटली.

"बसून काय राहिलीस?" आजी म्हणाली. "तो वरचा साखरेचा डबा काढून दे. माझा हात पुरत नाही."

बाई उठल्या आणि त्यांनी डबा काढून दिला.